भोपळा, तून आणि खाडीची हवा

लाकूड तोडले, चिरले आणि रंधले म्हणजे त्याचे झाडपण संपले, अशी सर्वसाधारण समजूत असते. मुरूड तालुक्यातील आगरदांड्यासारख्या खाडीकाठच्या गावात मात्र ही समजूत पहिल्या पावसाळ्यापुढे टिकत नाही. राजपुरीच्या खाडीवरून येणारी ओली, खारट हवा आषाढात घराघरात शिरते आणि वैशाखात सहज मिटणारे दार चौकटीत अडकून बसते. जाणता सुतार अशा वेळी त्या दाराला रंधा लावीत नाही. आज तासलेले दार पुढच्या उन्हाळ्यात फट दाखवील, हे त्याला ठाऊक असते. लाकूड हवेतील बाष्प घेते आणि सोडते. तेही सर्व दिशांनी सारखे नव्हे. तंतूंच्या लांबीच्या दिशेने त्याचे फुगणे-आकसणे नगण्य असते, रुंदीच्या दिशेने ते पुष्कळ असते. फळी वाकते, पिळवटते वा तडकते, ती या विषमतेमुळे.

लाकडी होडीला हे फुगणे उपकारकच ठरते. पाण्यात उतरल्यावर फळ्या फुगतात आणि त्यांच्यामधील सांधे अधिक घट्ट मिटतात. शिवाय होडीच्या बरगड्यांसाठी सुतार झाडातच उपजलेला बाक शोधतो. वाकडी फांदी त्याच्या कामाची, कारण तिच्यातील तंतू वळणाबरोबर वळलेले असतात. वाद्य घडविणाऱ्यावर लाकूड एवढे उदार होत नाही. त्यालाही बरगड्या आणि फळ्या यांचीच पोकळी उभारावयाची असते. परंतु होडीची फळी मजबूत असली की भागते. वाद्याची फळी तारांचा ताण सोसण्याइतकी मजबूत आणि त्याच वेळी तारेच्या कंपनाला ओ देण्याइतकी पातळ असावी लागते. या दोन गरजा एकमेकींच्या वैरी आहेत. हातांनी वाद्य घडविण्याची सारी विद्या या वैरातून वाट काढण्याची विद्या आहे.

स्पेनमध्ये घडलेली शास्त्रीय गिटार या दृष्टीने पाहण्यासारखी आहे. तिची वरची फळी स्प्रूस किंवा सीडर या सूचिपर्णी वृक्षांच्या लाकडाची असते आणि ती जेमतेम दोन-अडीच मिलिमीटर जाड ठेवतात. हे लाकूड ओंडक्याच्या मध्यापासून बाहेरच्या दिशेने चिरलेले, सरळ रेषांचे असावे लागते, कारण अशी फळी हवेच्या ओलाव्याने सर्वांत कमी हलते. दोन्ही बगलांच्या पातळ पट्ट्या पाण्याने भिजवून तापलेल्या लोखंडी नळीवर वळवितात. कमरेशी आत जाणारा आणि खाली पुन्हा फुगणारा तो आकार लाकडाला मुळीच मान्य नसतो. उष्णता आणि ओलावा यांच्या साहाय्याने, तंतू तुटणार नाहीत अशा बेताने, तो त्याच्याकडून करवून घ्यावा लागतो. पारंपरिक पद्धतीत मानेच्या टोकाशी खाचा कोरून त्यांत बगला बसवितात आणि मानेभोवतीच सारे शरीर बांधीत नेतात. जोडणीला जनावरांच्या कातड्यापासून केलेला सरस वापरतात. नव्या जमान्यातील डिंक त्याहून सोपे. पण सरसाचा सांधा ऊब आणि ओलावा देऊन पुन्हा उकलता येतो. शंभर वर्षांनी कोणाला तरी हे वाद्य दुरुस्त करावे लागेल, याची तजवीज घडविणाऱ्याने आजच करून ठेवलेली असते.

आजच्या गिटारचा आकार रूढ केला तो आन्तोनिओ दे तोर्रेस (१८१७–१८९२) याने. तो मूळचा सुतार. वरच्या फळीच्या आत पंख्यासारख्या पसरलेल्या पातळ पट्ट्या बसविण्याची रीत त्याच्या पूर्वीही होती, पण तिला शिस्त त्याने दिली. गिटारच्या आवाजाचा उगम मुख्यतः वरच्या फळीत आहे, असे त्याचे मत होते. ते सिद्ध करण्यासाठी त्याने १८६२ साली बगला आणि पाठ चक्क कागदाच्या लगद्याची केली आणि फळी तेवढी उत्तम लाकडाची ठेवली. हे वाद्य बार्सिलोनाच्या संगीत संग्रहालयात आजही पाहावयास मिळते. त्याची विद्या काय, असे विचारले असता ती अंगठा आणि तर्जनी यांच्या टोकांत आहे आणि म्हणून आपल्यामागे ठेवता येणार नाही, अशा अर्थाचे उत्तर त्याने दिल्याची आठवण सांगितली जाते. फळी बोटांत धरून किंचित वाकविली की ती आणखी किती तासावी हे त्याला कळे. प्रत्येक झाडाचे लाकूड निराळे असल्यामुळे जाडीचे एकच माप सर्वांना लावणे चुकीचे ठरते, एवढाच या आठवणीचा साधा अर्थ. तीत गूढ असे काही नाही.

तोर्रेस सेव्हिलमध्ये आपल्या आरंभीच्या गिटारी घडवीत होता, साधारण त्याच दशकांत सह्याद्रीच्या पूर्वेस, मिरजेत, दुसरी एक परंपरा जन्म घेत होती. मिरजेचे शिकलगार हे शस्त्रांना धार लावणारे, ती दुरुस्त करणारे कारागीर. इंग्रजी अमल स्थिरावल्यावर तलवारींचे काम आटले. तेव्हा फरीदसाहेब आणि त्यांचे बंधू मोहिनुद्दीन यांनी तंबोरे आणि सतारी दुरुस्त करता करता त्या घडविण्यास आरंभ केला, अशी या व्यवसायाची कुळकथा आहे. पटवर्धन संस्थानिकांचा आश्रय मिळाला, घराण्याचे आडनाव सतारमेकर झाले आणि मिरजेत सतारमेकर गल्लीच वसली. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांपाशी विष्णु दिगंबर पलुसकर शिकले ते मिरजेत. अब्दुल करीम खाँ यांनी मिरज आपलीशी केली आणि १९३७ साली निधनानंतर तेथेच ते विसावले. खाँसाहेब स्वतः वाद्यदुरुस्तीत निष्णात होते, ही गोष्ट या संदर्भात महत्त्वाची आहे. सांगलीचे कृष्णाजी बल्लाळ देवल यांच्या श्रुतिविषयक प्रयोगांत त्यांचा सहभाग होता. गवयाचा कान आणि कारागिराचा हात एकाच गावात, एकमेकांच्या हाकेच्या अंतरावर होते. सूर हवा तसा लागला नाही तर वाद्य दुसऱ्या दिवशी पुन्हा कारागिराच्या ओट्यावर येई. मिरजेच्या तंबोऱ्याचा लौकिक या येण्याजाण्यातून घडला. कोण्या एका प्रतिभावंताच्या शोधाला त्याचे श्रेय देता येणार नाही.

लाकडाच्या निवडीत मिरज आणि स्पेन यांची गाठ नकळत पडली आहे. तंबोऱ्याची दांडी आणि तबली यांसाठी मिरजेत पूर्वापार तुनीचे लाकूड वापरतात. हलके, रंधायला सोपे, सुगंधी आणि एकदा नीट वाळले की फारसे न हलणारे असे हे लाकूड आहे. स्पॅनिश गिटारची मान ज्या 'स्पॅनिश सीडर'ची करतात, ते झाड अमेरिकेतील असले तरी तुनीच्या आणि आपल्या कडुनिंबाच्याच कुळातील. तुनीचे जुने शास्त्रीय नाव तर त्याच्याच गणात घातलेले होते. दोन खंडांतील कारागिरांनी एकमेकांना न विचारता एकाच कुळातील लाकूड उचलावे, याचे कारण लाकडातच आहे. गिटारच्या बगलांकडे पाहिले तर संबंध आणखी जवळचा निघतो. ब्राझीलच्या शिसवीचा व्यापार १९९२ साली आंतरराष्ट्रीय कराराने जवळजवळ बंद झाला. तेव्हापासून जगभरच्या गिटारकारांची मुख्य भिस्त भारतीय शिसवीवर, म्हणजे आपल्या पश्चिम घाटातही वाढणाऱ्या झाडावर आहे.

साम्य येथे संपते आणि खरा फरक सुरू होतो. गिटारची कंबर लाकडाकडून वळवून घ्यावी लागते. तंबोऱ्याचे पोट वेलीवर वाढते. कडू भोपळ्याचे भले मोठे फळ वेलीवरच पूर्ण पिकू देतात, मग ते सुकवितात. पाण्यात भिजवून ते नरम झाले की कापून आतला गर खरवडतात आणि आत काड्यांचा आधार देऊन हवा तसा घेर घेऊ देत पुन्हा सुकवितात. पण घेर किती घेता येईल हे फळच ठरविते. पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या, भीमेच्या काठच्या शेतातून आलेले दोन भोपळे कधीही एकसारखे नसतात. म्हणून भोपळा आधी आणि बाकीचे वाद्य मागाहून! त्या विशिष्ट भोपळ्याच्या तोंडाला बेतून गळ्याचा भाग कोरावयाचा, त्याच्या रुंदीला शोभेल अशी तबली कापावयाची, तिला किंचित फुगवटा ठेवावयाचा आणि दांडी आतून पोखरून तिच्यावर पट्टी बसवावयाची. भोपळा आणि दांडी जुळतात तेथे कोरलेली पाने दिसावयास शोभेची असली, तरी सांध्याला बळकटी आणण्याचे कामही तीच करतात. येथे साचा चालत नाही. गिटार मापात बसली, तारेची लांबी ६५० मिलिमीटर रूढ झाली आणि त्याबरोबर यंत्राचा प्रवेश सुकर झाला. आज जगातील बहुसंख्य गिटारी कारखान्यात, प्लायवूडच्या आणि साच्यातून निघतात, आणि पहिली गिटार घेणाऱ्या विद्यार्थ्याच्या खिशाला त्या परवडतात, हेही मान्य केले पाहिजे. तंबोऱ्याला मात्र भोपळ्याने यंत्रापासून वाचविले.

या वाद्याचा आत्मा घोडीवर आहे. गिटारच्या घोडीवर तार एका निमुळत्या कडेवर टेकते आणि तेथे जराशीही झणझण ऐकू आली की ते वाद्य सदोष ठरते. तंबोऱ्यात हीच झणझण शिस्तीत आणून तिचा स्वर केला आहे. घोडीचा माथा रुंद, पाहणाऱ्याला सपाट वाटणारा, पण वस्तुतः अत्यंत मंद उताराचा असतो. तार कंप पावताना त्या उताराला क्षणोक्षणी स्पर्शून सुटते. तारेखाली सुताचा दोरा सरकवून हा स्पर्श कोठे व्हावा ते ठरवितात. यालाच जवारी म्हणतात. चंद्रशेखर वेंकट रामन यांनी १९२१ साली तंबोरा आणि वीणा यांच्या घोडीचा अभ्यास करून एक विलक्षण गोष्ट दाखविली. तार ज्या बिंदूवर छेडावी त्या बिंदूवर ज्या उपस्वरांचा विरामबिंदू येतो, ते उपस्वर नियमाप्रमाणे उमटू नयेत. या वाद्यांत मात्र ते स्पष्ट ऐकू येतात. पदार्थविज्ञानाला ज्याची नोंद विसाव्या शतकात घ्यावी लागली, ते घोडीवर कानस फिरविणारा कारागीर पिढ्यान्पिढ्या कानाने साधीत आला होता. कानशीचा एक फेरा अधिक झाला की जवारी बसते आणि घोडीचा माथा पुन्हा पहिल्यापासून घासावा लागतो. घोडी पूर्वी सांबरशिंगाची आणि हस्तिदंताची करीत. १९७२चा वन्यजीव संरक्षण कायदा आणि त्यानंतरच्या दुरुस्त्या यांनी ते मार्ग बंद केले, आणि ते योग्यच झाले. हाडे, शिसवीसारखी कठीण लाकडे आणि कृत्रिम पदार्थ यांच्याशी कारागिराने पुन्हा नव्याने ओळख करून घेतली.

असे वाद्य मिरजेच्या कोरड्या हवेतून घाट उतरून कोकणात येते तेव्हा त्याची खरी परीक्षा होते. रायगड किनाऱ्यावर गावोगावच्या हरिनाम सप्ताहांत जी वीणा अहोरात्र हातोहाती फिरते, तीही याच जातीची; वारकऱ्यांच्या वीणा मिरजेत घडतात. आगरदांड्याच्या पावसाळ्यात खुंटी फुगून छिद्रात घट्ट बसते आणि हिवाळ्यात सैल पडून घसरते. पोलादी तार खाऱ्या हवेत लवकर गंजते आणि गंजलेली तार कधीच निर्दोष सुरात मिळत नाही. तबली ओलाव्याने किंचित वर येते, तिच्याबरोबर घोडी हलते आणि जवारीचा उतार बदलतो. यावर उपाय साधे आहेत: वाद्य भिंतीला टेकवून न ठेवता कापडी गवसणीत ठेवणे, तारा दर पावसाळ्यानंतर बदलणे, वाजवून झाल्यावर त्या कोरड्या फडक्याने पुसणे. पण हे सांगणारा माणूस जवळ असावा लागतो, आणि किनाऱ्यावर जवारी काढणारा कारागीर शोधू जाता सहसा मिळत नाही. वाद्य बिघडले की ते माळ्यावर जाते आणि त्याच्या जागी एक लहानशी पेटी येते.

ही पेटी म्हणजे विजेवरचा तंबोरा. बंगळूर येथे १९७९च्या सुमारास तो तयार झाला. आज तर खिशातील मोबाइलमध्ये तो फुकट मिळतो. त्याला नावे ठेवणे सोपे आहे. प्रवासात, भाड्याच्या खोलीत, पहाटेच्या रियाझात त्याने विद्यार्थ्यांची मोठी सोय केली, हे नाकारणे अन्यायाचे होईल. परंतु त्यामुळे एक विपरीत गोष्ट घडली. ज्या तंबोऱ्याला भोपळ्याच्या अनियमितपणामुळे यंत्र घडवू शकले नाही, त्याला यंत्राने अनावश्यक करून टाकले. मिरजेच्या कारागिराचा पराभव कौशल्यात झालेला नाही. त्याचे गिऱ्हाईकच त्याच्या ओट्यावरून उठून गेले आहे. आणि गिऱ्हाईकानेही काही गमावले आहे. चार तारा स्वतः जुळविताना, मणी केसभर पुढेमागे सरकविताना, खर्जातून आपोआप उमटणारा गांधार ऐकताना विद्यार्थ्याचा कान तयार होत असे. कळ दाबून मिळणाऱ्या षड्जाने तो होत नाही.

गमतीची गोष्ट अशी की गायन-वादनाच्या परीक्षा घेणाऱ्या अखिल भारतीय गांधर्व महाविद्यालय मंडळाचे मुख्य कार्यालय मिरजेतच आहे. दरवर्षी हजारो मुले-मुली तंबोऱ्याच्या अंगांची नावे पाठ करतात: भोपळा, तबली, घोडी, दांडी, खुंट्या, मणी. चित्र काढून नावे द्या, हा प्रश्न गुण मिळवून देणारा म्हणून शिक्षकांचा आवडता. यांपैकी किती जणांनी तंबोरा मांडीवर घेऊन जुळविला असेल, हे प्रत्येक शिक्षकाला आपल्या वर्गापुरते सांगता येईल. जुळविण्याला प्रात्यक्षिकात भरघोस गुण ठेवले, तर वर्गात तंबोरा ठेवावा लागेल. वर्गात तंबोरा आला की वर्षातून एकदा जवारी काढणाऱ्याला बोलवावे लागेल. मिरजेच्या कारागिराला अनुदानापेक्षा या बोलावण्याची गरज अधिक आहे.

मिरजेच्या सतारीला आणि तंबोऱ्याला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले. मिरजेचे नाव लावून कोणी कोठेही घडविलेला माल विकू नये, एवढे संरक्षण त्याने मिळेल आणि ते मोलाचेही आहे. परंतु मानांकन नावाचे रक्षण करते, हाताचे नव्हे. युरोपात या प्रश्नाचा विचार निराळ्या रीतीने झाला. जर्मनीत मिटेनवाल्डला व्हायोलिन घडविण्याची शाळा १८५८ साली निघाली. इटलीत क्रेमोनाला ती १९३८ साली निघाली, आणि तेथील व्हायोलिनविद्येला २०१२ साली युनेस्कोच्या अमूर्त वारशाच्या यादीत स्थान मिळाले. क्रेमोनात स्त्रादिवारीच्या मागे ही विद्या बरीच क्षीण झाली होती, हे येथे ध्यानात ठेवावयास हवे. परंपरा तुटल्यानंतर तिची पुन्हा उभारणी करण्यासाठी त्यांना शाळा काढावी लागली. मिरजेत परंपरा अजून तुटलेली नाही. ती बापाकडून मुलाकडे, चुलत्याकडून पुतण्याकडे, मुख्यतः घरातच जाते. मुलगा शिकून नोकरीला लागला तर त्यात त्याचा दोष कोणता? लाकूड ओळखण्यास, घोडी घासण्यास वर्षे लागतात आणि त्या वर्षांत हाती पडणारे पैसे थोडे. घराबाहेरच्या मुलामुलींना ही विद्या खुली करावयाची, तर शिकविणाऱ्या कारागिराला शिक्षकाचा पगार आणि शिकणाऱ्याला विद्यावेतन द्यावे लागेल. प्रशस्तिपत्रांवर हे काम होणार नाही.

या साऱ्याच्या मुळाशी जो भोपळा आहे, त्याचा विचार तर याहूनही कमी होतो. भोपळ्याची ही जात मूळची आफ्रिकेतील. जंजिऱ्याच्या सिद्द्यांचे पूर्वजही तिकडूनच आले. भोपळा मात्र त्यांच्या कितीतरी सहस्रके आधी भारतात रुजला होता, आणि सुकल्यावर समुद्राच्या पाण्यावर महिनोन्महिने तरंगत राहण्याची त्याची ख्याती आहे. पाठीला भोपळे बांधून पोहावयास शिकलेली एक पिढी खेड्यापाड्यांतून अजून भेटते. तो उपयोग संपला. फळ कडू, त्यामुळे भाजीबाजारात त्याला थारा नाही. कोवळेपणी तोडून पैसे करण्याची सोय नाही. ते वेलीवर पिकून वाळेपर्यंत जमीन अडकून राहते आणि अवकाळी पावसाने डाग धरला, कीड लागली, तर वाद्याच्या कामातून ते बाद होते. उजनी धरण १९८० साली पूर्ण झाल्यानंतर सोलापूर जिल्ह्यात उसाचा विस्तार झाला. उसाला कारखाना आहे, ठरलेला किमान दर आहे. भोपळ्याला फक्त मिरजेहून येणारा एक माणूस, जो हंगामाच्या शेवटी शेतात शिरतो, एकेक फळ निरखून त्याचा घेर आणि साल पाहतो आणि त्यांतली काहीच निवडून घेतो. उरलेली फळे शेतकऱ्याच्या अंगावर पडतात. कारागिरांच्या संघटनेने पेरणीपूर्वीच किती फळे आणि कोणत्या भावाने घेणार हे लिहून दिले, डागी फळांचाही काही मोबदला ठरविला, तर त्या शेतात पुढच्या वर्षीही वेल चढेल.